बाबा, चूक माझ्या शिकवण्यात होती

प्रिय आई-बाबा,

बाबांनी खोट्या मेसेजमधली लिंक दाबून खोट्या साइटवर पासवर्ड टाकला, हे कळल्यावर रविवारी फोनवर मी फार बोललो. "नीट वाचायला काय झालं होतं?" म्हटलं आणि पलीकडे सगळं गप्प झालं.

बाबा, माझ्या वहीतली एक वेलांटी तुमच्या नजरेतून सुटायची नाही. आता ती नजर राहिली नाही, असं तुम्ही आईला म्हणालात म्हणे. अजिबात नाही. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २२ जणांना खऱ्या-खोट्या वेबसाइट ओळखायला बसवलं. सर्वांत बेमालूम नकलेला ९० टक्के फसले. पत्त्यात डब्ल्यूच्या जागी दोन व्ही चिकटवले होते, बस! वय, शिक्षण, कॉम्प्युटरची सवय, कशानेच फरक पडला नाही. आणि ती माणसं खोटं शोधायलाच बसली होती. तुम्ही तर 'आज खातं बंद होईल' या धास्तीत होता.

ऑफिसने परीक्षा घ्यायला पाठवलेल्या खोट्या मेलवर मीही क्लिक केलंय. घाईत. तुम्हाला सांगायची लाज वाटली.

शिवाय 'पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी' हे मीच शिकवलं होतं ना? ते कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे चोर बसला असला तरी ते दिसतं. गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं.

म्हणून, रागावू नका, परवा इथून 'अपडेट' करताना मी तुमचे सगळे पासवर्ड बदलून पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवून स्वतःच भरणाऱ्या ॲपमध्ये, ठेवले. (दुरून हाताळायची अशी परवानगी माझ्याशिवाय कुणालाही द्यायची नाही. कुणालाही!) तो मॅनेजर साइटचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवतो, घाबरत नाही, घाई करत नाही. खोट्या साइटवर रकाना रिकामाच राहील. तसं झालं तर हाताने टाइप करायचं नाही, बंद करायचं.

बाकी काही हलवलेलं नाही. अक्षरं तेवढीच मोठी आहेत, आई, तुझे फोटो होते तिथेच आहेत.

लहानपणी रात्री बाबा दोनदा कडी तपासायचे, तो आवाज आला की मला झोप लागायची. आता थोडे दिवस मला तपासू द्या.

मेसेजमधली लिंक दाबायची नाही. 'लगेच करा' असं दिसलं की आधी मला फोन, मीटिंग असली तरी. आणि चुकून दाबलीच, तर लपवू नका. तासाभरात कळलं तर पुष्कळ सावरता येतं. मी ओरडणार नाही. आई, ओरडलोच तर फोन तू घे.

तुमचा,
बाळू