डीएम करायचं की नाही? रेसिडेंट लेकीला पत्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. युनिटमधले सगळे नीट-एसएसच्या, म्हणजे एमडी मेडिसिननंतर डीएम या सुपरस्पेशालिटी पदवीला जायच्या परीक्षेच्या, तयारीला लागले, कुणाचं कार्डिओलॉजी ठरलंय, कुणाचं गॅस्ट्रो, आणि तुझंच काही ठरत नाही म्हणून जीव घाबरा झालाय. मी काही डॉक्टर नाही. पण मेडिसिनच्या वॉर्डात सिस्टर म्हणून जन्म गेला, आणि फिजिशियन राउंड संपल्यावर कसा असतो हे आम्हा सिस्टर लोकांइतकं कुणी पाहत नाही. तेव्हा चार गोष्टी लिहिते.

आधी परीक्षेचं. नीट-एसएसमध्ये दीडशे प्रश्न आणि अडीच तास, चुकलं की एक मार्क वजा. पूर्वी निम्म्याहून जास्त प्रश्न सुपरस्पेशालिटीचे असायचे. 2021 मध्ये ऐन वेळी ते बदलायला निघाले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि नवी पद्धत 2022 पासून आली. आता सगळे प्रश्न जनरल मेडिसिनचेच. म्हणजे हृदयाकडे जायचं असो की थायरॉइडकडे, पेपर तोच, आणि ब्रँच निवडायची ती काउन्सेलिंगला. मग आज ठरलं नाही तर बिघडलं कुठे? वॉर्डातल्या पेशंटचं नीट वाचलंस तर तीच तयारी. एम्स, पीजीआय, जिपमर या केंद्राच्या मोठ्या संस्थांसाठीची परीक्षा, आयएनआय-एसएस, वेगळी, ती वर्षातून दोनदा होते. तारखांवर मात्र फार विसंबू नकोस. 2021 च्या एमडी बॅचचे प्रवेश कोविडमुळे लांबले, म्हणून 2024 ची नीट-एसएस झाली मार्च 2025 मध्ये.

मला खरी काळजी रँकची वाटते, आणि तीही चांगली आली तर. रँक वर आली की 'आता कार्डिओलॉजी सोडलंस तर वेडी ठरशील' असं दहा जण सांगतात, आणि पोरं मुकाट्याने घेतात. दुसरीकडे सुपरस्पेशालिटीच्या जागा रिकाम्या राहतात, पात्रतेचा पर्सेंटाइल खाली आणून त्या भराव्या लागतात. तेव्हा सीट मिळेल का, याची धास्ती घेण्यापेक्षा ते काम रोज करवेल का ते बघ.

ते बघायचं कसं, तर आपल्यापुढे दहा-बारा वर्षं असलेल्या माणसाचा साधा, कंटाळवाणा दिवस बघायचा. कॉन्फरन्समधली भारी केस बघून काही कळत नाही. कार्डिओलॉजिस्टला पहाटे तीनला कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, यावं लागतं, पन्नाशीतही. नेफ्रोलॉजिस्टकडे तोच पेशंट आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला येतो, वर्षानुवर्षं. त्याच्या मुलीचं लग्न, त्याचं कर्ज, सगळं डॉक्टरला ठाऊक असतं, आणि एक दिवस तो येत नाही. एंडोक्रायनॉलॉजीत रात्रीचे फोन कमी, पण तेच पथ्य, तीच शुगर दिवसभर सांगत बसायचं, न चिडता. न्यूरोलॉजीत तासभर बोलून, हातोडी मारून निदान होतं आणि पुष्कळदा द्यायला औषध फारसं नसतं. यातलं कुठलं तुला सोसेल? मला विचारशील तर, तुझ्यात चिकाटी आहे, धांदल सोसत नाही. पण आईचं मत म्हणून सोडून दे हवं तर.

आणि एक शक्यता तुझ्या मेसेजमध्ये नव्हतीच: नुसतं एमडी होऊन फिजिशियन राहणं. नापास झालेल्यांची ती जागा आहे असं तुम्ही मुलं बोलता, त्याचा मला राग येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी एमडी केलं आणि पुन्हा महाडलाच आले. लाल विंचू चावलेली पोरं घामाने निथळत, हातपाय गार, तोंडाला फेस अशी यायची. विषामुळे शरीरात जे वादळ उठतं त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी चालते, हे त्यांनी दाखवलं. 'लॅन्सेट'ने ते 1986 मध्ये छापलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणातल्या आमच्यासारख्या सिस्टरला त्या गोळीचं मोल कुणी समजावून सांगावं लागत नाही. डीएमची पदवी नसल्याने त्यांचं काय अडलं?

म्हणून डीआरपीचे, म्हणजे एमडीतच जिल्हा रुग्णालयात काढायचे, तीन महिने सुट्टीसारखे घालवू नकोस. जिल्हा रुग्णालयात वर विचारायला लेक्चरर नसतो, एमआरआय नसतो, ओपीडीत मात्र रांग असते. तिथे तुझं मन रमतं की गुदमरतं, हे तीन महिन्यांत लख्ख कळेल. पुढे बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष आहेच. ते चुकवायला पन्नास लाख आपल्याकडे नाहीत आणि असते तरी मी दिले नसते. शिवाय एमडीनंतरची सिनियर रेसिडेन्सी झाली असेल तर मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरचं दार उघडं राहतं.

परदेशाचं थोडक्यात. एमआरसीपी या इंग्लंडच्या फिजिशियनच्या परीक्षेचे तीन टप्पे आहेत, शेवटचा पेसेस नावाच्या प्रात्यक्षिकाचा, खऱ्या पेशंटसमोर. तो झाला की इंग्लंडच्या नोंदणीसाठी प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा लागत नाही. पण तिथे ट्रेनिंगच्या जागांसाठी आता झुंबड आहे. अमेरिकेत आपलं एमडी सहसा धरत नाहीत, तीन वर्षांची रेसिडेन्सी पहिल्यापासून. तिकडे राहावंसं वाटत असेल तर खुशाल जा. इथल्या एचओडीला कंटाळून जाऊ नकोस, एचओडी तिथेही असतात.

वयाचं गणित मीही केलंय. एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन आणि डीएमची तीन, साडेअकरा वर्षं झाली, बाँड वेगळा. मावशी स्थळांबद्दल विचारत असते, तिला मी बघून घेते. आमच्या दोघांच्या पेन्शनीत घर चालतंय, तुझ्या पगारावाचून काही अडलेलं नाही. मध्ये एक वर्ष नुसती नोकरी करून मग ठरवलंस तरी चालेल.

सध्या मात्र क्लासची फी भरण्याआधी थिसिसकडे बघ. एमडीच्या परीक्षेच्या सहा महिने आधी तो द्यावा लागतो आणि तुझा विषय लेप्टो, पावसाळ्यातला ताप. पाऊस थांबल्यावर केसेस कुठून आणणार आहेस? या आठवड्यात गाइडला गाठ आणि केसेसचे फॉर्म किती भरून झाले ते मला कळव.

तुझी,
आई