ऱ्होड्सच्या तटाआत एक दिवस

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "ऱ्होड्सला उतरलो, गाव छान आहे" एवढं बोललो आणि रेंज गेली. ते गाव एवढ्यात उरकण्यासारखं नाही. आज ड्यूटी रात्रीची आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

जहाज सकाळी लागलं आणि आम्हा इंजिनवाल्यांना संध्याकाळपर्यंत शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी मिळाली. धक्क्यावरून चालत पाचदहा मिनिटांत जुन्या गावाचा दरवाजा येतो. दोन बाजूंना दोन गोल बुरूज आणि मध्ये कमान. समोर निळंशार पाणी आणि पलीकडे तुर्कस्तानचे डोंगर स्वच्छ दिसतात. ग्रीसचं बेट आहे खरं, पण तुर्कस्तानचा किनारा इथून जेमतेम अठरा किलोमीटर. या गावाचा सगळा इतिहास त्या अठरा किलोमीटरांतून आलाय.

बाबा, तुम्ही उभं आयुष्य बांधकाम खात्यात घालवलंत, म्हणून आधी तट. गावाभोवती सुमारे चार किलोमीटरची तटबंदी आहे आणि तिच्या बाहेर रुंद कोरडा खंदक. खंदकात उतरून चालता येतं. मी बराच वेळ तिथेच होतो. दगड पिवळसर, मऊ जातीचा आहे. आपल्या कुलाबा किल्ल्यासारखा काळा नाही, आणि दरजा चुन्याने भरलेल्या आहेत. हे गाव 1309 पासून 1522 पर्यंत सेंट जॉनच्या सरदारांच्या ताब्यात होतं. युरोपातल्या निरनिराळ्या देशांतून आलेले हे लढवय्ये साधू. 1480 मध्ये तुर्कांनी मोठा वेढा घातला, तो त्यांनी परतवला. पण तोफांपुढे उंच, सडपातळ भिंती टिकत नाहीत हे तेव्हाच त्यांना कळलं. मग त्यांचा मुख्य, पिएर दोब्युसाँ, तट जाड करायला लागला. बुरूज बुटके आणि गोलाकार झाले, गोळा घसरून जावा म्हणून. काही ठिकाणी तट बारा मीटर जाड आहे. तुम्ही असतात तर टेप काढून बसला असतात. तटाचा एकेक भाग एकेका देशाच्या सरदारांकडे वाटून दिलेला होता. अमुक पल्ला इंग्लंडचा, तमुक इटलीचा. दगडी तोफगोळ्यांचे ढीग अजून ठिकठिकाणी रचून ठेवलेत. मी एकावर हात ठेवून पाहिला. कलिंगडाएवढा होता, पण दोन्ही हातांनी तसूभरसुद्धा हलला नाही.

तरीही शेवटी गाव गेलंच. 1522 मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला. वेढा जवळजवळ सहा महिने चालला आणि डिसेंबरात सरदारांनी शरणागती पत्करली. सुलतानाने त्यांना शस्त्रांसकट जाऊ दिलं आणि 1 जानेवारी 1523 ला ते जहाजांत बसून निघून गेले. पुढे त्यांना माल्टा मिळालं.

आई, तुला आवडलं असतं ते त्यांचं हॉस्पिटल. या लोकांचं मूळ काम लढाई नव्हतंच, आजाऱ्यांची सेवा हे होतं. 1440 मध्ये काम सुरू होऊन 1489 मध्ये ते हॉस्पिटल पुरं झालं. आज तिथे म्युझियम आहे. माडीवर रुग्णांचा लांबलचक वॉर्ड आहे. मध्ये खांबांची ओळ, उंच छप्पर, भिंतीत छोटे छोटे कोनाडे. इतक्या वर्षांपूर्वी आजारी माणसाला एवढी हवा आणि एवढा उजेड मिळत होता, हे पाहून मला फार बरं वाटलं.

सरदारांच्या गल्लीतून वर चढलं की त्यांच्या मुख्याचा राजवाडा लागतो. गल्लीत गोटे रोवलेले आहेत, समुद्रातले गुळगुळीत गोटे, उभे बसवलेले. तुझ्या गुडघ्यांना तिथे त्रास झाला असता, सावकाशच न्यावं लागलं असतं. राजवाडा मात्र जुना नाही. 1856 मध्ये शेजारच्या चर्चच्या तळघरात साठवलेल्या दारूगोळ्यावर वीज पडली, मोठा स्फोट झाला. राजवाडा, चर्च आणि आसपासची वस्ती उडाली, शेकडो माणसं मेली. पुढे 1912 पासून बेट इटालियनांकडे होतं. त्यांनी 1937 ते 1940 या काळात राजवाडा नव्याने उभा केला आणि कोस बेटावरचे जुने मोझेक आणून जमिनीत बसवले. मुसोलिनी येऊन राहील म्हणून हा थाट. मोझेक सुंदर आहेत, पण ते कोसलाच राहायला हवे होते असं मला वाटतं.

आता जे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

बाजाराच्या गर्दीतून पूर्वेकडे गेलं की एक चौक लागतो. मध्ये कारंजं, त्यावर पितळी समुद्रघोडे, भोवती हॉटेलांच्या खुर्च्या. बाजूला झाडांच्या सावलीत काळ्या ग्रॅनाइटचा एक स्तंभ आहे. त्यावर निरनिराळ्या भाषांत लिहिलंय : ऱ्होड्स आणि कोसच्या 1604 ज्यूंच्या स्मरणार्थ, 23 जुलै 1944. आई, मी वाचता वाचता थांबलो, कारण मला आपली अलिबागची इस्राएल आळी आठवली, आपल्याकडच्या ज्यूंची.

इथले ज्यू स्पेनमधून हाकलले गेलेल्यांचे वंशज. घरात ते जुनी स्पॅनिश बोलत. तुर्की अमलात ते तटाच्या आत राहायचे. ग्रीकांना मात्र रात्री आत राहायची मुभा नव्हती. सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. 1943 मध्ये बेट जर्मनांनी घेतलं आणि पुढच्याच जुलैत सगळ्यांना गोळा करून बंदरावर नेलं, बोटींत कोंबलं, अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराहून रेल्वेने आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत. जेमतेम दीडशे वाचले. तुर्कस्तानचा इथला कॉन्सल, म्हणजे सरकारी प्रतिनिधी, सेलाहत्तिन उल्कुमेन, जर्मन अधिकाऱ्याकडे जाऊन भांडला, आणि तुर्की नागरिक असलेली व त्यांच्याशी नात्याने जोडलेली काही डझन माणसं त्याने सोडवली. एका माणसाने ठाम उभं राहून जेवढं करता येतं तेवढं केलं.

जवळच्या गल्लीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, काहाल शालोम, 1577 चं. ग्रीसमधलं वापरात असलेलं सगळ्यात जुनं. आत काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी जमिनीत बसवलेली. मी टोपी घालून आत गेलो. तिथे कुणी नव्हतं, म्हणून जरा वेळ बसता आलं.

आपल्या आळीतल्या ज्यू आजी मला शनिवारी दिवा लावायला बोलवायच्या, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी त्या स्वतः विस्तव पेटवत नसत म्हणून, आठवतं? मलिदा केला की ताट आपल्याकडे यायचं, पोहे, ओलं खोबरं, साखर, वर खजूर आणि केळी. तू ताट रिकामं परत पाठवायची नाहीस, त्यात लाडू नाहीतर करंज्या ठेवायचीस. त्या सागावच्या खडकाची गोष्ट सांगायच्या, त्यांच्या एलियाहू पैगंबराच्या रथाची. त्यांच्या नात्यातली माणसं इस्राएलला गेली, शेवटी त्याही गेल्या. पण आपणहून गेल्या, स्टँडवर सगळी आळी सोडायला आली होती, तू त्यांना खण-नारळ दिलास. मला त्या सिनेगॉगमध्ये बसून हेच पुन्हा पुन्हा वाटत होतं, की आपल्याकडे त्यांच्यावर कुणी बोट उचललं नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे. राजवाडा चार वर्षांत पुन्हा बांधता आला, आणि ती गल्ली ऐंशी वर्षांत भरली नाही.

बाबा, आपल्या मागेन अबोथ सिनेगॉगची देखभाल आता कोण करतं, ते विचारून ठेवाल का? आणि नवगावच्या त्यांच्या जुन्या कबरस्तानाकडे जायचा रस्ता पावसात कसा असतो? साइन-ऑफ झाल्यावर, म्हणजे जहाजावरची मुदत संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास घरी येईन, तेव्हा आपण तिघं जाऊ. रिक्षा दारापर्यंत जात असेल तरच आईला न्यायचं, नाहीतर आपण दोघं. आजींचा इस्राएलचा नंबर आईच्या जुन्या डायरीत असेल, तो फोटो काढून पाठवा. मी इथून फोन लावून पाहतो.

पैसे पंधरवड्यात जमा होतील. आईचं औषध त्यातून लगेच आणा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

तुमचा,
बाळा