ठळक अक्षरांची पोटे बुजू नयेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दुकानांच्या मराठी पाट्यांविषयी आपल्या दैनिकात बातम्या आणि पत्रे नेहमी येतात. पण पाटी मराठी आहे की नाही आणि अक्षरे पुरेशी मोठी आहेत की नाहीत, यापलीकडे ती चर्चा सहसा जात नाही. ती मोठी अक्षरे नीट वाचता येतात का, हा प्रश्न तीस वर्षे ब्रशने पाट्या रंगवलेल्या माझ्यासारख्याला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे पत्र.

दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर पाट्या बदलण्याची एकच घाई उडाली. हा नियम मला मनापासून मान्य आहे. अडचण येते ती त्याच्या अंमलबजावणीत. देवनागरी अक्षराला वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार यांच्यासाठी जागा राखावी लागते. त्यामुळे संगणकावर इंग्रजी आणि मराठी मजकुराला एकच माप दिले, तरी मराठी अक्षराचे अंग लहान आणि किरकोळ दिसते. मग ते भरदार दिसावे म्हणून हाताशी असलेल्या साध्याच फाँटला त्याच रंगाची आउटलाइन देऊन फुगवले जाते. ही आउटलाइन बाहेर वाढते तशी आतही शिरते आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा खाऊन टाकते.

आमच्या पेठेतील एका औषधांच्या दुकानाची पाटी अशीच नव्याने लागली आहे. तीवरच्या ‘औषधे’ या शब्दातील ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ आजूबाजूच्या लाल रंगात पार बुडाली आहे आणि शेजारच्या ‘ध’ची वरची गाठ भरून गेली आहे. रस्त्यापलीकडून पाहिले, तर तिथे काही तरी जाड आणि लाल लिहिले आहे एवढेच कळते. ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांमधला फरक अशाच एखाद्या रेघेवर किंवा गाठीवर उभा असतो. तेवढीच जागा बुजली की अक्षर बदलते, आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटला की शब्दच बदलतो. दुकानदाराने पैसे मोजून, नियम पाळून ही पाटी लावली आहे; त्याला दोष कसा द्यावा?

ठळक अक्षर काढणे हे वेगळे काम आहे. बोरूने काढलेल्या अक्षरात जाड-बारीक रेघा आपोआप येतात. आजच्या पाट्यांवर चालणारी, इंग्रजीतल्या सॅन्स सेरिफच्या, म्हणजे टोकांना छोट्या रेघांची सजावट नसलेल्या अक्षरांच्या, घराण्यातली अक्षरे मात्र सगळीकडे सारख्या जाडीची वाटतात. ती तशी दिसतात, पण मोजली तर तशी नसतात. आम्ही खडूची दोरी मारून शिरोरेघ आखायचो, तेव्हा काना जेवढा जाड त्यापेक्षा शिरोरेघ थोडी बारीक ठेवायचो, कारण आडवी रेघ डोळ्याला उगाचच जाड दिसते. गोलाई कान्याला जिथे मिळते तिथे ब्रश हलका करायचा, ‘ब’च्या पोटातली रेघ सर्वांत बारीक ठेवायची आणि पोट थोडे रुंद करायचे, हे माझ्या उस्तादांनी मला पाटीवर हात धरून शिकवले. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे आम्ही कात्रणे काढून जपत असू. अक्षर कितीही भारी असले तरी श्वास घेते, हे त्यांत दिसे.

हीच काळजी संगणकावरच्या फाँटमध्येही घेता येते आणि मराठी माणसांनी ती घेतलेली आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेसाठी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला ‘मोदक’ हा अतिशय गुबगुबीत देवनागरी फाँट आहे. त्यात पोटाच्या जागी जेमतेम एक फट उरते, पण ती फट प्रत्येक अक्षरात विचारपूर्वक राखलेली आहे. अर्थात ‘मोदक’ हा मोठ्या शीर्षकाचा फाँट आहे. त्यात दुकानाचे नाव शोभेल, त्याखालचा पत्ता आणि वेळा मात्र मुळीच नाहीत. त्यासाठी त्याच संस्थेचा ‘मुक्ता’ आहे, ज्यात सर्वांत बारीकपासून सर्वांत ठळकपर्यंत सात वजने, म्हणजे जाडीचे सात प्रकार, स्वतंत्र मिळतात. हे फाँट गुगल फाँट्सवर विनामूल्य उपलब्ध आहेत, म्हणजे खर्चाची सबबही उरत नाही.

माझी विनंती साधी आहे. पाट्यांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी अक्षरांची उंची मोजून झाल्यावर रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर उभे राहावे आणि ती पाटी मोठ्याने वाचावी. फ्लेक्स छापणाऱ्यांनी आउटलाइन देण्याऐवजी त्याच फाँटचे ठळक वजन वापरावे आणि छपाईला देण्यापूर्वी ‘ष’, ‘ब’, ‘ध’ आणि अनुस्वार एवढे तरी तपासून घ्यावेत. आपल्या दैनिकाने शहरातील चांगल्या मराठी पाट्यांची छायाचित्रे आठवड्यातून एकदा छापली, तर दुकानदारांना फ्लेक्सवाल्यापुढे ठेवायला नमुना मिळेल. अशा दहा-बारा पाट्या मी आजही दाखवू शकेन. त्यांतल्या दोन अजून ऑइलपेंटच्या आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बोर्ड पेंटर, सातारा