जंजिरा रंगवायला जाताना तिथी बघ

अलिबाग

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

मुलांना जंजिरा रंगवायला राजपुरीला नेतोयस, हे वाचून बरं वाटलं. फक्त तारीख ठरवताना कॉलेजच्या सुट्टीआधी तिथी बघ. कोळ्यांचा हिशेब तुला ठाऊक आहेच, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पुरुषभर उंचीहून जास्त खाली-वर होतं. पोरं सकाळी तटाखालचे खडक काढायला बसतात आणि रंग कालवेपर्यंत खडक गायब! मग निम्मं चित्र ओहोटीचं, निम्मं भरतीचं. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार हलत नाही. सकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. नवशिक्यांना तीच बरी. तरी पाण्याची रेषा आधी ठरवायला लाव. नंतर समुद्राने काहीही केलं तरी ती हलवायची नाही.

क्षितिजाचा घोळ तर दरवर्षीचा. किल्ल्याचा पाया आणि क्षितिज एकाच रेषेवर काढलं की जंजिरा समुद्राच्या पार पलीकडच्या काठावर जाऊन बसतो. क्षितिज आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. धक्क्यावर बसलं तर ते तटाला पायथ्याच्या जरा वर कापतं, मागच्या चढावर गेलं की तटाच्या माथ्याकडे सरकतं. बुरुजाची क्षितिजाच्या वरची गोल कड वर उचलते, क्षितिजाखालची खाली झुकते. दोन्ही जागांवरून एकेक स्केच करून घे, बोलून समजत नाही.

आणि पाणी रंगवताना पेटीतला निळा आधी काढून घे! खाडीच्या तोंडाशी पाणी मातकट हिरवं असतं. दगडालाही तयार काळा नको, अल्ट्रामरीन निळ्यात तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना पुरे. प्रतिबिंब तटापेक्षा किंचित उजळ ठेवायचं, आणि वारा सुटला की ते जवळजवळ सोडूनच द्यायचं. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, त्यामुळे तट सपाट पण तपशील स्पष्ट. दुपार कलली की सूर्य समोर आणि किल्ला एकच गडद आकार. त्या वेळी एकोणीस बुरुज मोजत बसणाऱ्याच्या हातात मोठा ब्रश दे.

जमलं तर जवळचा दुसरा जलदुर्ग, पद्मदुर्गही दाखव. तिथे खाऱ्या वाऱ्या-लाटांनी दगड झिजलेत आणि सांध्यांतला चुना पुढे आलाय. माझ्या मते तिथे रंग उघडूच नयेत, पेन्सिल आणि दगड, बस्स. जंजिऱ्यासारख्या होड्यांच्या नेहमीच्या फेऱ्या मात्र तिकडे नसतात, म्हणून मुलं किती ते लवकर कळव. ओळखीचा होडीवाला आहे, विचारून ठेवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास