कान डावाच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण चित्रकारांच्या गाजलेल्या आत्मचित्रांना पूर्ण रंगीत पान दिलेत. मराठी दैनिकात हा विषय इतक्या ऐसपैस जागेत पाहून मनापासून आनंद झाला. ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे, त्यामुळे ते पान मी भिंग घेऊन वाचले. त्यातली एक चूक मात्र मनाला लागून राहिली. व्हॅन गॉगच्या चित्राखाली आपण छापले आहे, ‘उजवा कान कापून घेतल्यानंतरचे आत्मचित्र’. कान उजवा नव्हता, डावा होता.

चित्राकडे पाहून ओळ लिहिणाऱ्याची चूक होणे स्वाभाविक आहे. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीतल्या या चित्रात हिरवा ओव्हरकोट, काळ्या केसाळ काठाची निळी टोपी आणि हनुवटीखालून वर गेलेली पट्टी आहे. पट्टी दिसते ती उजव्या कानावरच. पण व्हॅन गॉगसमोर कॅमेरा नव्हता, आरसा होता. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री फ्रान्समधल्या आर्ल गावी त्याने वस्तरा चालवला तो डाव्या कानावर. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. फेलिक्स रे यांनी १९३० साली त्या जखमेचे रेखाटन काढून दिले होते. ते २०१६ मध्ये उजेडात आले. त्यात डावा कान जवळजवळ पूर्ण गेलेला आहे, पाळीचा तेवढा तुकडा शिल्लक आहे. १८८९ च्या जानेवारीत इस्पितळातून घरी आल्यावर तो आरशापुढे बसला आणि आरशाने जे दाखवले तेच त्याने रंगवले.

आरशाचा हा मुद्दा मी आठवीच्या वर्गात दरवर्षी शिकवायचो. मुलांना घरून छोटा आरसा आणायला सांगायचो. आरसा कंपासपेटीला टेकवून उभा करायचा आणि पेन्सिलीने स्वतःचा चेहरा काढायचा. एका वर्षी एक मुलगा दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला, चेहरा पडलेला. म्हणाला, “सर, आई म्हणते तीळ चुकला. माझा डाव्या गालावर आहे, मी उजव्यावर काढला.” मी त्याला म्हटले, आता हाच कागद आरशापुढे धर. त्याने धरला. आरशातल्या चित्रात तीळ बरोबर जागेवर आला होता. तो कितीतरी वेळ कागद आरशापुढे धरून उभा होता, मग बाकीची मुलेही आपापले कागद घेऊन रांगेत आली. त्यानंतर मी त्यांना व्हॅन गॉगचे चित्र दाखवले आणि कोणता कान कापला असेल ते विचारले. अख्खा वर्ग एका सुरात “डावा!” म्हणाला.

आपण स्वतःचा चेहरा जन्मभर उलटाच पाहत असतो. म्हणून तर फोटोतले आपण आपल्यालाच थोडे परके वाटतो. आत्मचित्र म्हणजे चित्रकाराने त्याच्या आरशात पाहिलेला चेहरा. तो त्याच्या आईने, बायकोने, शेजाऱ्याने पाहिलेला नव्हे. एवढे ध्यानात ठेवले की या चित्रांमध्ये किती बारकावे दिसू लागतात!

आपल्या पानावरच्या रेम्ब्रांचेच पाहा. त्याने स्वतःची सुमारे ४० तैलचित्रे केली, शिवाय ३० हून अधिक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून कागदावर घेतलेले छाप. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये त्याच्या अखेरच्या काळातले एक भव्य आत्मचित्र आहे, मागे दोन मोठी अर्धवट वर्तुळे असलेले. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा खालचे चित्र वेगळे निघाले. रेम्ब्रांने आधी आरशात दिसले तसेच रंगवले होते, म्हणजे कुंचल्याचा हात डावा. पण तो उजव्या हाताने रंगवणारा माणूस. त्याने ते हात बदलले आणि पॅलेट, कुंचले, हात टेकवायची काठी, सगळे एकाच हातात दिले. तो हात तर जेमतेम चार फटकाऱ्यांत उरकला आहे. चेहऱ्यावर मात्र रंगाचे थर चढवले आहेत. साठीच्या घरातल्या, दिवाळे निघून घर विकावे लागलेल्या माणसाने कुठे थांबायचे आणि कुठे रेंगाळायचे हे किती नेमके ठरवले आहे! मी हे चित्र फक्त छापील पाहिले आहे, तरी प्रत्येक वेळी त्या हातापाशी अडकतो.

त्याच्या एचिंगची गंमत आणखी वेगळी. तांब्याच्या पत्र्यावर आरशात पाहून चेहरा कोरायचा, आणि त्याचा छाप कागदावर उतरला की तो पुन्हा उलटतो. दोनदा उलटला म्हणजे सुलट झाला. त्यामुळे १६३० सालच्या त्या डोळे विस्फारलेल्या, आगपेटीपेक्षा जरासे मोठ्या छापात आपल्याला दिसतो तो रेम्ब्रां लोकांनी रस्त्यात पाहिलेला, आरशातला नव्हे. तैलचित्रातला भांग आणि एचिंगमधला भांग जुळत नाही म्हणून चित्रकाराला दोष देऊ नये.

आर्तेमिझिया जेंटिलेस्कीला आपल्या पानात दोनच ओळी मिळाल्या, याची खंत वाटली. १६३८-३९ च्या सुमाराचे तिचे चित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती आपल्याकडे पाहतच नाही. बाजूला वळून, उजवा हात उंचावून रंगवते आहे. असे स्वतःला बाजूने पाहायचे तर दोन आरसे लागतात आणि दोन आरशांत प्रतिमा सुलट होते. कुंचला उजव्या हातात आहे तो त्यामुळेच, असे अभ्यासक मानतात. त्या काळी चित्रकला ही बाईच्या रूपात दाखवायची पद्धत होती. सीझारे रिपा या इटालियन लेखकाच्या प्रसिद्ध ग्रंथात या बाईचे वर्णन आहे. विस्कटलेले काळे केस, गळ्यात मुखवट्याचे पदक असलेली सोनसाखळी आणि तोंडाला बांधलेले फडके. आर्तेमिझियाने केस घेतले, साखळी घेतली. फडके घेतले नाही. पुरुष चित्रकाराला स्वतःला चित्रकलेच्या रूपात रंगवणे शक्यच नव्हते; तिला ते शक्य होते, आणि तिने तोंड न बांधता ते केले.

मजकुरात आत्मचित्राला ‘चित्रकाराची हौस’ म्हटले आहे. व्हॅन गॉगपुरते तरी ते खरे नाही. त्याच्याकडे मॉडेलला द्यायला पैसे नसत. सप्टेंबर १८८८ मध्ये त्याने भाऊ थिओला कळवले होते की, मॉडेल मिळाले नाही तर स्वतःवरूनच काम करता यावे म्हणून मुद्दाम बरासा आरसा विकत घेतला आहे. स्वतःच्या डोक्याचे रंग साधले तर इतरांचीही डोकी रंगवता येतील. तीन महिन्यांनी त्याच्या डोक्याला पट्टी बांधायची वेळ आली आणि घरी परतल्यावर तो पुन्हा आरशापुढे बसला. सहजासहजी कुणी आरशात पाहू नये असे ते दिवस होते.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर ड्यूररचे १५०० सालचे आत्मचित्र उलटे छापले गेले आहे. मांडणीच्या सोयीसाठी झाले असावे. पण चित्राच्या डाव्या बाजूला १५०० हा आकडा आणि त्याखाली त्याची ‘एडी’ ही खूण आहे, उजव्या बाजूला चार लॅटिन ओळी आहेत. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने वयाच्या २८व्या वर्षी स्वतःला असे रंगवले, हे त्या सांगतात. आपल्या पानावर त्या उलट्या आल्या आहेत. भिंगातून पाहिले तर आकडाही उलटा दिसतो. ज्याने आपल्या नावाची अक्षरे इतक्या निगुतीने लिहिली, त्याचे चित्र तरी उलटवू नये.

मुले अशी पाने कापून प्रकल्पवहीत चिकटवतात आणि खालची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतात. माझ्या नातीनेही उतरवली आहे. येत्या रविवारी ‘डावा कान’ अशी दुरुस्ती आणि ड्यूररचे चित्र सुलट करून छापावे, ही कळकळीची विनंती. चित्राचे माप आणि ते कोणत्या संग्रहात आहे हेही दिले तर फारच बरे होईल. कोर्टोल्डचे चित्र उंचीला जेमतेम ६० सेंटिमीटर आहे, हे कळले की मूल ड्रॉइंग पेपरवर पट्टी लावून पाहते.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा