लेक्चरेटसाठी एक जनरल

देवळाली कॅम्प

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस की गोपाळपूरच्या लष्करी कोर्समध्ये वीस मिनिटांचं लेक्चरेट द्यायचंय, विषय ‘हवाई संरक्षणातला एखादा सेनानी’, आणि बरीशी नावं बाकीच्यांनी आधीच पटकावलीत. फोन तुझ्या आईच्या हातात असल्यावर माझ्या वाट्याला किती येतो ते तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. माझं ऐकशील तर जनरल सर फ्रेडरिक पाइल घे.

जन्म डब्लिनचा, 1884चा. वडील डब्लिनचे लॉर्ड मेयर होते. हा आधी तोफखान्यात, मग रणगाड्यांत आणि शेवटी विमानविरोधी तोफांवर. 1939च्या जुलैत ब्रिटनच्या अँटी-एअरक्राफ्ट कमांडचा प्रमुख झाला, तो 1945च्या एप्रिलपर्यंत त्याच खुर्चीत. युद्ध सुरू होतानाची कमांड शेवटपर्यंत सांभाळणारा ब्रिटिश जनरल हा एकटाच. चर्चिलने भले भले सेनापती बदलले, याला हात लावला नाही. 1949 साली त्याने ‘अ‍ॅक-अ‍ॅक’ हे पुस्तक लिहिलं. आमच्या युनिटच्या लायब्ररीत ते धूळ खात पडलेलं होतं. तिथून काढून मी ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. वॉर ऑफिसशी झालेल्या पत्रव्यवहाराची पानं कंटाळवाणी आहेत, ती खुशाल उलटून टाक. बाकीचा माणूस मात्र मोकळेपणाने बोलतो.

सुरुवात त्याच्या जवानांपासून कर. चांगली पोरं आधी इतर शाखा उचलायच्या आणि उरलेला गाळ याच्याकडे यायचा. एका बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, आलेल्या पंचवीस जणांचं वर्णन त्याने केलंय. एकाचा हात वाळलेला, एकाला अंगठेच नाहीत, एकाचा काचेचा डोळा तोफेकडे धावताना गळून पडायचा, आणि दोघे गुप्तरोगाने पुरते पोखरलेले. अशी माणसं घेऊन लंडन वाचवायचं होतं. हे ऐकून वर्ग हसेल. हसू दे, पुढचं मग नीट ऐकतील.

7 सप्टेंबर 1940ला लंडनवर मोठे हल्ले सुरू झाले. पहिल्या काही रात्री तोफा जवळजवळ गप्पच होत्या, लोक खवळले. पाइलने देशभरातून तोफा ओढून आणल्या, दोन दिवसांत लंडनभोवतीच्या तोफा दुपटीवर गेल्या. मग सगळ्या तोफांना हुकूम सुटला: रात्री जितके गोळे उडवता येतील तितके उडवा. नेम, प्रेडिक्टर (विमान पुढे कुठे असेल ते काढणारं यंत्र), कशाचीही वाट बघू नका. त्या रात्री आकाश फाटल्यासारखा आवाज झाला. शत्रूची विमानं फारशी पडली नाहीत, आपल्याच गोळ्यांचे तुकडे मात्र छपरांवर बरसले. पण आपलेही कोणी उत्तर देतंय म्हणून लंडनची माणसं खूश झाली. पाइलने पुस्तकात हे जसंच्या तसं मांडलंय, मारा धीर देण्यासाठी होता हे लपवलेलं नाही. एका उपनगराच्या कौन्सिलने तक्रार केली की तोफांच्या हादऱ्याने आमच्या घरांतल्या संडासाच्या भांड्यांना तडे जातायत, तोफा दुसरीकडे हलवा. नगरपालिका कुठलीही असो, सारखीच!

नेम का लागत नव्हता हे तुझ्या बॅचला वेगळं शिकवायला नको, पण आकडा सांग. उंचावरच्या विमानापर्यंत गोळा पोचायला वीस सेकंद लागली तर तेवढ्यात ताशी चारशे किलोमीटरने जाणारं विमान दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे आत्ता जिथे काहीच नाही त्या जागी गोळा घालायचा, तो कधी फुटायचा ती फ्यूजची वेळही आधीच लावायची, आणि हे अंधारात. त्या सप्टेंबरात एक विमान पाडायला सरासरी वीस हजार गोळे खर्च होत होते. पुढच्या वर्षी तो आकडा चार हजारांच्या आसपास आला.

तो खाली आला तो हिशेबामुळे. पाइलने पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाला सल्लागार म्हणून बोलावलं. ब्लॅकेटने जमवलेल्या मंडळींना लोक ‘ब्लॅकेटची सर्कस’ म्हणत. तेव्हाच्या रडारला उंचीचा कोन नीट मिळत नव्हता, कारण जमिनीवरून परतणाऱ्या लहरी गोंधळ घालायच्या. उपाय काय, तर रडारभोवती शंभरावर यार्डांचा जाळीचा सपाट गालिचा अंथरायचा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच जाळी. सगळ्या ठाण्यांना पुरवता पुरवता ब्रिटनमधली बहुतेक जाळी त्यात गेली. फ्लायकॅचर रडारच्या स्क्रीनसमोर बसून सगळी नोकरी काढली मी, जमिनीचा गोंधळ काय चीज आहे ते मला विचार. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो होतो.

लेक्चरेटचा खरा गाभा मात्र पुढची गोष्ट आहे. हिशेब तपासताना दिसलं की किनाऱ्यावरच्या बॅटऱ्यांना एक विमान पाडायला आतल्या बॅटऱ्यांच्या निम्मेच गोळे लागतात. मंडळी कारणं शोधू लागली. समुद्रावर रडार जास्त चांगलं चालतं का? वैमानिक तिथे सरळ उडतात का? नंतर कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. जमिनीवर पडलेल्या विमानाचा सांगाडा मोजता येतो, समुद्रात पडलं म्हटलं की तपासायला कोण जाणार? किनाऱ्यावरचे दावे दुपटीने फुगलेले होते. मुद्दाम खोटं कोणी बोलत नव्हतं, धुरात दिशा बदलून निसटणारं विमान पडलंच असं वाटतं माणसाला. ‘साहेब, गेलं’ असं मी स्वतः शंभर वेळा ऐकलंय.

आता तुझ्या जवळचा भाग. 1938 मध्येच पाइलने कॅरोलिन हॅस्लेट या इंजिनिअर बाईंना तोफांच्या सरावाला नेलं आणि विचारलं, यातलं काय बायका करू शकतील? त्यांनी सगळं बघून सांगितलं की जड गोळे भरणं सोडलं तर सगळंच. माणसं कमी पडू लागली तेव्हा पाइलने तेच करून दाखवलं. 1941मध्ये रिचमंड पार्कात पहिली मिश्र बॅटरी उभी राहिली. पुढे सत्तर हजारांहून अधिक मुली त्याच्या कमांडमध्ये होत्या. चर्चिलची धाकटी मेरी हाइड पार्कच्या बॅटरीत होती. रडार, प्रेडिक्टर, उंचीमापक सगळं त्यांच्या हातात, पण तोफेचा घोडा ओढायची कायद्याने बंदी, आणि पगार पुरुषांच्या दोन तृतीयांश! विमान शोधायचं, त्याची उंची काढायची, गोळा कुठे जायचा ते ठरवायचं, आणि तरी म्हणे तू मारलं नाहीस. साउथॅम्प्टनला 1942च्या एप्रिलमध्ये नोरा कॅव्हेनी ही अठरा वर्षांची मुलगी प्रेडिक्टरवर लक्ष्य धरून बसली होती. बॉम्बचा तुकडा लागून ती तिथेच गेली. दुसरीने जागा घेतली आणि लक्ष्य सोडलं नाही. त्या कमांडमधली कामावर मारली गेलेली ही पहिली मुलगी. हे सांगताना आवाज चढवू नकोस, सरळ सांग.

1944ची जर्मनांच्या उडत्या बॉम्बची (व्ही-1) मोहीम पाच मिनिटांत संपव. जुलैच्या मध्यात सगळ्या तोफा आतून उचलून दक्षिण किनाऱ्यावर नेल्या, तेही काही दिवसांत. काँक्रीटच्या पायाला वेळ नव्हता, म्हणून रेल्वेचे रूळ आणि स्लीपर जोडून बैठक केली. तिला ‘पाइल मॅट्रेस’ म्हणत. नवं रडार, नवा प्रेडिक्टर आणि विमानाजवळ आपोआप फुटणारा प्रॉक्झिमिटी फ्यूज हातात आल्यावर चित्रच पालटलं. ऑगस्टच्या अखेरीस एका दिवशी शंभराच्या आसपास बॉम्ब आले आणि लंडनपर्यंत चारच पोचले. वीस हजार गोळ्यांपासून इथवर चार वर्षं लागली.

प्रश्न विचारतील म्हणून एक लक्षात ठेव. तोच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या बोलावण्यावरून आपल्याकडे आला, संरक्षणातल्या संशोधनाबद्दल सल्ला द्यायला. तुमच्या कोर्सच्या सिनिअर साहेबांनाही कदाचित हे माहीत नसेल. पण आधी त्यांना विचारू दे, आगाऊपणा नको.

एक फुकटचा सल्ला. पाइलचे गोडवे गाऊ नकोस. पुस्तकात तो स्वतःची बाजू पुष्कळ मांडतो, वरिष्ठांवर खारही खातो. ते बोलून टाक, वर्गाचा विश्वास बसेल.

पुस्तकातली कामाची पानं मी झेरॉक्स करून घेतली होती, ती पत्रासोबत आहेत. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, शाईच्या कोणाच्या ते माहीत नाही. आई लाडूंचा डबा वेगळा पाठवतेय, बॅचमेटना वाट, पण डबा परत आण. गोपाळपूरला दमट हवेत गुडघ्याचा त्रास सुरू झालाय म्हणालीस, एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) एकदा दाखव. लेक्चरेट झालं की फोन माझ्या नंबरवर कर.

तुझा,
बाबा