तो ऑर्गन वकिलांचा आहे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला चित्रपटसंगीतावरचा लेख आवडला. ‘इंटरस्टेलर’साठी हान्स झिमर यांनी ‘लंडनमधल्या एका जुन्या चर्चचा’ ऑर्गन वापरला, असे त्यात एका ओळीत म्हटले आहे. त्या ओळीपाशी मी अडलो. ते टेंपल चर्च आहे आणि ते वकिलांचे आहे. मी चौतीस वर्षे कोर्टात नोकरी केली, नाझर म्हणजे कोर्टाच्या सामानाची आणि जप्तीच्या मालाची नोंद ठेवणारा म्हणून निवृत्त झालो आणि कोर्ट सुटल्यावर संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इनर टेंपल आणि मिडल टेंपल या बॅरिस्टरांच्या दोन जुन्या संस्था. गांधीजी इनर टेंपलमधूनच बॅरिस्टर झाले. ११८५ सालचे हे चर्च १६०८ मध्ये राजा पहिला जेम्स याने दोन्ही संस्थांच्या हवाली केले. अट एकच, त्याची देखभाल तुम्ही करायची. ती ते आजही करतात.

देखभाल म्हणजे नुसती कौले शाकारणे नव्हे. १६८०च्या दशकात नवा ऑर्गन घ्यायचा ठरला, तेव्हा बर्नार्ड स्मिथ आणि रेनॅटस हॅरिस या दोघा कारागिरांना आपापला ऑर्गन चर्चमध्येच उभा करायला सांगितले गेले. ज्याचा सरस, त्याचा ठेवायचा. स्मिथच्या बाजूने जॉन ब्लो आणि हेन्री पर्सेल हे नामवंत इंग्रज संगीतकार वाजवायला बसले, हॅरिसच्या बाजूने द्रागी हा इटालियन. दोन्ही संस्थांचे एकमत होईना. एका रात्री भाते कापले गेले, असेही सांगतात. दाव्याला तारखा पडाव्यात तशी वर्षे गेली. शेवटी जेफ्रीज या कठोर म्हणून बदनाम झालेल्या न्यायाधीशाने निवाडा दिला आणि १६८८ मध्ये स्मिथचा ऑर्गन हजार पौंडांना घेतला गेला.

त्या ऑर्गनची एक गोष्ट पेटीवाल्यांना मुद्दाम सांगतो. त्यातल्या ‘काळी दोन’ आणि ‘काळी चार’ या पट्ट्या मधून विभागलेल्या होत्या. पुढचा भाग दाबला तर एक सूर, मागचा दाबला तर त्याच्याहून किंचित वेगळा. आपल्याकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म सूरही देणारी हार्मोनियम करवून घेतली, ती खरा सूर मिळावा याच तळमळीतून. पेटीत खरा सूर सापडत नाही ही तक्रार मी उभा जन्म ऐकली. तीच बोच सव्वातीनशे वर्षांपूर्वी वकिलांनी विकत घेतलेल्या वाद्यात पट्टी चिरून मिटवलेली होती, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला.

वकील स्वतःही संगीतात होते. १६३४ मध्ये लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या चारही संस्थांनी (त्यांना इन्स म्हणतात) मिळून राजासमोर मोठा संगीत-नृत्याचा खेळ केला. त्याच्या संगीताची जबाबदारी मिडल टेंपलच्या बुलस्ट्रोड व्हाइटलॉक या तरुण वकिलावर होती. विल्यम लॉज आणि सायमन आइव्ह्ज यांच्याकडून त्याने गाणी बांधून घेतली, तालमी स्वतःच्या घरी घेतल्या. कधी कधी चाळीस ल्यूट (तारांची जुनी युरोपीय वाद्ये) एका वेळी वाजत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याने आइव्ह्जच्या मदतीने रचलेली एक धून पुढे इतकी चालली की तो नाटकगृहात शिरला की वादक तीच वाजवू लागत.

पुढे १७३४ पासून जॉन स्टॅन्ली हा अंध ऑर्गनवादक टेंपल चर्चमध्ये होता. त्याचे वादन ऐकायला थोर संगीतकार हँडेल येत असे. १९२७ मध्ये अर्नेस्ट लफ या पंधरा वर्षांच्या मुलाने याच चर्चमध्ये मेंडेल्सझोन या संगीतकाराची प्रार्थना गायली. एचएमव्हीची, कुत्र्याच्या छापाची ती तबकडी इतकी खपली की मूळ साचा झिजला आणि पुढच्या वर्षी पुन्हा ध्वनिमुद्रण करावे लागले. १९४१च्या मे महिन्यात बॉम्ब पडले, चर्च जळले, स्मिथच्या ऑर्गनची उरलीसुरली पुण्याईही जळाली. आजचा ऑर्गन १९२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका हवेलीतल्या नाचघरासाठी केलेला. तो १९५४ पासून इथे वाजतो. झिमर यांच्यासाठी वाजला तो हाच.

गेल्या वर्षी लेकीकडे गेलो असता एका बुधवारी दुपारी तिथे ऑर्गन ऐकायला बसलो. खर्जाचा सूर लागला तो आधी तळपायाला कळला, मग कानाला. शेजारी काळ्या कोटातल्या एक बाई मांडीवर कागदांची चळत धरून डोळे मिटून बसल्या होत्या. पाऊण तासाने उठून कामाला गेल्या.

मला आमच्या कोर्टातला वकिलांच्या बसण्याचा बार रूम आठवला. मी नोकरीला होतो त्या एका तालुक्याच्या गावी वकील मंडळींच्या गॅदरिंगला दर वर्षी संगीत नाटक व्हायचे. त्यात नवल काही नाही, ‘मूकनायक’ हे नाटक लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पेशाने वकीलच होते. बार रूमच्या कोपऱ्यात पायाचा ऑर्गन होता. मधल्या सप्तकातला पंचम जरा अडकायचा, पट्टी बोटाने वर उचलावी लागे. नवी इमारत झाली तेव्हा तो भंगारात गेला. त्याचे पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पातळ पट्ट्या, किलोवर गेले, असे मला नंतर कळले. जप्तीच्या मालातल्या तुटक्या खुर्चीचीही नोंद मी ठेवत होतो, पण तो ऑर्गन माझ्या रजिस्टरात नव्हता. त्याची हळहळ अजून जात नाही.

म्हणून सर्व वकील संघांना हात जोडून विनंती आहे. माळ्यावर, कपाटामागे पायपेटी, ऑर्गन, तबल्याची जोडी, गॅदरिंगचे फोटो, हस्तपत्रके असतील तर ती काढा आणि डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवा. भात्याचे कातडे बदलणे आणि सूर लावणे ही कामे मी अजूनही करतो. मजुरी घेणार नाही, एसटीने येईन. फक्त भंगारवाल्याच्या आधी मला कळवा.

– एक निवृत्त नाझर, पुणे